उंदरांची स्तनग्रंथी आणि संप्रेरके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत नव्याने आलेले विद्यार्थी, जीवशास्त्र शिकवणारे शिक्षक आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारी मंडळी गेली अनेक वर्षे मला जवळपास हेच प्रश्न विचारत आली आहेत. सगळ्यांच्या मनात एक सोपे समीकरण बसलेले असते: संप्रेरक वाढले की ग्रंथी वाढते. या समीकरणाने जितका घोटाळा होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत मी पुन्हापुन्हा एकाच गोष्टीकडे वळलो आहे: निरोप कोणत्या पेशीला मिळाला आणि तिने तो पुढे कोणाला सांगितला.

यासाठी उंदीरच का निवडतात?

हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचा आराखडा जन्माआधीच पक्का होतो, नंतर वाढतो तो आकार. स्तनग्रंथीचे तसे नाही. नुकत्याच जन्मलेल्या मादी पिल्लात ती दहा-पंधरा फांद्यांचे छोटेसे झुडूप असते. तिची खरी घडण वयात येताना होते, गाभण असताना होते, आणि पिल्ले दूध प्यायची थांबली की सगळे मोडून पुढच्या वेताला पुन्हा होते. मादी साधारण सहा ते आठ आठवड्यांत वयात येते, 19 ते 21 दिवसांत विते आणि तीन आठवड्यांत पिल्ले दूध सोडतात. एका अवयवाचा सारा जीवनक्रम तीन-चार महिन्यांत डोळ्यांसमोरून जातो.

शिवाय उंदराच्या मादीला दहा ग्रंथी असतात: छातीकडे तीन जोड्या, पोट-जांघेकडे दोन. एका बाजूची ग्रंथी प्रयोगाला आणि दुसऱ्या बाजूची तुलनेला, दोन्ही एकाच रक्तावर जगणाऱ्या. चौथ्या जोडीची ग्रंथी आमची लाडकी. ती पातळ आणि पसरट असते, तिच्यात खुणेसाठी एक लसिका गाठ असते. ती अलगद काढायची, काचपट्टीवर पसरायची, कार्माइनने रंगवायची आणि चरबी पारदर्शक करायची. मग दुग्धनलिकांचे संपूर्ण झाड एकाच नजरेत दिसते. याला आम्ही ‘होल माउंट’ म्हणतो. मी पहिल्यांदा पाहिलेला होल माउंट अजून आठवतो. पानगळीनंतरचे झाड कोणी काचेत ठेवावे तसा तो दिसत होता.

ग्रंथीच्या आत नेमके काय असते?

एका सडापासून एकच मुख्य नलिका निघते आणि तिला फांद्या फुटत जातात. नलिकेच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. आतला थर पुढे दूध बनवतो. बाहेरचा थर स्नायूसारखा आकुंचन पावतो आणि दूध बाहेर ढकलतो. या झाडाभोवती चरबीची गादी असते. प्रयोगशाळेत तिला सगळे ‘फॅट पॅड’च म्हणतात. ती केवळ भरण आहे असे समजू नका. चरबीच्या आणि तंतुमय ऊतीच्या पेशी या गोष्टीत शेवटपर्यंत बोलत राहतात.

गर्भात असतानाच संप्रेरके काम करतात का?

मादीत जवळजवळ नाही. भ्रूणाच्या साधारण अकराव्या दिवशी अंगाच्या दोन्ही बाजूंना एक पुसट रेषा उमटते आणि पुढे तिच्यावर पाच-पाच कळ्या दिसू लागतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचे ग्राही, म्हणजे पेशीत त्यांचा निरोप घेणारी प्रथिने, जनुकीय बदलाने काढून टाकले तरी या कळ्या येतात आणि जन्मावेळचे झुडूपही तयार होते. इथे काम चालते ते शेजारच्या पेशींमधल्या संकेतांवर. पॅराथायरॉइड संप्रेरकाशी साधर्म्य असलेले एक प्रथिन त्यांत महत्त्वाचे आहे. ते नसेल तर कळी पुढे वाढत नाही आणि सडही बनत नाही.

नराची गोष्ट मात्र वेगळी आणि फार बोलकी आहे. नर उंदराला सड नसतात. भ्रूणाचे वृषण टेस्टोस्टेरॉन बनवू लागले की तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमारास कळीभोवतीची ऊती घट्ट आवळली जाते आणि कळीचा कातडीशी असलेला देठ तुटतो. टेस्टोस्टेरॉन कळीलाच मारते, असे कोणालाही वाटेल. ऑस्ट्रियाच्या क्लाउस क्रॅटोख्विल यांनी 1970 च्या दशकात हे तपासले. एका प्रकारच्या उंदरांत पुरुष-संप्रेरकाचा ग्राहीच निकामी असतो. त्यांची कळी आणि साध्या उंदराची भोवतालची ऊती, तसेच उलट, अशा जोड्या त्यांनी बशीत वाढवल्या. भोवतालच्या ऊतीला निरोप ऐकू येत असेल तरच कळी तुटली. कळीला तो ऐकू येतो की नाही, याने काही फरक पडला नाही. ज्याच्यावर परिणाम दिसतो तो आणि ज्याला निरोप मिळतो तो, हे दोघे वेगळे असू शकतात. हा धडा या अवयवाने भ्रूणावस्थेतच देऊन ठेवला आहे.

वयात येताना इस्ट्रोजेन काय करते?

तिसऱ्या आठवड्यापर्यंत ग्रंथी शरीराच्या मापानेच वाढते. मग अंडाशय जागे होतात आणि नलिकांच्या टोकांना गोंड्यासारखे फुगवटे येतात. त्यांना ‘टर्मिनल एंड बड’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात आम्ही नुसते ‘एंड बड’ म्हणतो. या फुगवट्यांत पेशी झपाट्याने विभागत असतात. ते चरबीच्या गादीतून वाट काढत पुढे सरकतात, मध्येच दुभंगून फांद्या करतात आणि मागे नलिका सोडत जातात. दहा-बारा आठवड्यांत गादीच्या कडेला पोचले की ते विरघळून जातात आणि वाढ थांबते.

लहान मादीचे अंडाशय काढून टाकले तर हे फुगवटे येतच नाहीत आणि आलेले असतील तर आक्रसतात. इस्ट्रोजेन दिले की परत येतात. 1987 मध्ये चार्ल्स डॅनियल आणि गॅरी सिल्बरस्टीन यांच्या गटाने अंडाशय काढलेल्या मादीच्या एकाच ग्रंथीत इस्ट्रोजेन हळूहळू सोडणारी बारीक गोळी बसवली. त्या ग्रंथीत वाढ झाली. त्यामुळे इस्ट्रोजेन ग्रंथीत थेट काम करते, फक्त मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीमार्फत नव्हे, हे स्पष्ट झाले. पुढे 1993 मध्ये इस्ट्रोजेनच्या अल्फा ग्राहीविना उंदीर तयार झाले. त्या माद्या मोठ्या झाल्या, पण ग्रंथी नवजात पिल्लाएवढीच राहिली.

मग इस्ट्रोजेन ज्या पेशीला लागते तीच विभागते का?

नाही. माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट इथेच आहे.

नलिकेचा काप घेऊन दोन रंग द्या: एक इस्ट्रोजेन-ग्राही असलेल्या पेशींना, दुसरा विभागत असलेल्या पेशींना. दोन्ही रंग एकाच पेशीवर क्वचितच दिसतात. ग्राही असलेली पेशी सहसा शांत बसलेली असते आणि तिच्या शेजारची, ग्राही नसलेली पेशी विभागत असते. निरोप घेणारी एक आणि राबणारी दुसरी, अशी ही विभागणी.

2006 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काथ्रिन ब्रिस्केन यांच्या गटाने याची कसोटी घेतली. अल्फा ग्राही नसलेल्या, नलिकेच्या अस्तरातल्या पेशी निरोगी मादीच्या, नलिका काढून रिकाम्या केलेल्या गादीत रोवल्या, तर काही उगवले नाही. त्याच पेशी साध्या पेशींत मिसळून रोवल्या, तर त्याही विभागल्या आणि नलिका बनवण्यात सहभागी झाल्या. स्वतःला ग्राही नाही, पण शेजारणीला आहे, एवढ्यावर भागले.

शेजारीण सांगते कसे? मुख्य निरोप्या अँफिरेग्युलिन नावाचे प्रथिन आहे. ते इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून बनते आणि पेशीच्या कवचाला चिकटून राहते. एक कात्रीसारखे विकर त्याला कापून मोकळे करते. मग ते भोवतालच्या तंतुमय ऊतीतल्या पेशींवरच्या एपिडर्मल वाढ-घटकाच्या ग्राहीला जाऊन बसते. त्या पेशी उलट स्वतःचे वाढ-घटक सोडतात आणि मग एंड बडमधल्या पेशी विभागतात. अँफिरेग्युलिन काढा, कात्री काढा किंवा भोवतालच्या ऊतीतला तो ग्राही काढा, तिन्ही वेळा परिणाम एकच: वयात आलेल्या मादीची ग्रंथी खुंटलेली राहते. या ग्राहीला बसू शकणारी भावंड-प्रथिने ग्रंथीत आणखीही आहेत, पण वयात येतानाचे काम अँफिरेग्युलिनशिवाय अडते.

नुसते इस्ट्रोजेन पुरते का?

पुरत नाही, आणि हे कळायला पेशींचे रंग लागले नाहीत. 1958 मध्ये बर्कली येथे सत्यब्रत नंदी यांनी उंदरांचे अंडाशय, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि पियुषिका हे तिन्ही काढून टाकले आणि मग एकेक संप्रेरक परत देऊन पाहिले. त्याच सुमारास तिथेच विल्यम लायन्स आणि त्यांचे सहकारी मोठ्या पांढऱ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, असेच काम करत होते. या प्रयोगांतून जे चित्र उभे राहिले ते आजही मोडलेले नाही. नलिका वाढायला इस्ट्रोजेनबरोबर पियुषिकेचे वाढ-संप्रेरक लागते. दुधाच्या कोशिका, म्हणजे दूध बनवणाऱ्या बारीक पिशव्या, बनायला त्यांत प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिनची भर पडावी लागते. प्रत्यक्ष दूध स्रवायला प्रोलॅक्टिन आणि अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसोलसारखे संप्रेरक लागते. इतक्या नाजूक जनावरावर इतकी शस्त्रक्रिया करून त्याला जगवणे ही गोष्ट सोपी नव्हती. आजच्या जनुकीय साधनांच्या काळात त्या हातांच्या कौशल्याची आठवण ठेवायला हवी.

वाढ-संप्रेरकाचे कामही परस्परच चालते. त्याचा निरोप भोवतालच्या ऊतीला मिळतो, तिथे आयजीएफ-1 नावाचा वाढ-घटक बनतो आणि तो नलिकेपर्यंत पोचतो. आयजीएफ-1 नसलेल्या मादीला इस्ट्रोजेन आणि वाढ-संप्रेरक दोन्ही देऊनही एंड बड येत नाहीत. आयजीएफ-1 आणि इस्ट्रोजेन दिले की येतात.

दर माजाला ग्रंथी बदलते का?

थोडी बदलते. उंदराचे चक्र चार-पाच दिवसांचे असते. प्रोजेस्टेरॉन वाढलेले असते त्या टप्प्यात बाजूच्या बारीक फांद्या फुटतात आणि नंतर त्यांतल्या बऱ्याच मावळतात. संभोग झाला नाही तर उंदराचे पीतपिंड, म्हणजे अंडे सुटल्यावर अंडाशयात बनणारा, प्रोजेस्टेरॉन स्रवणारा गोळा, फार काळ टिकत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉनचा अंमल थोडकाच राहतो. नसबंदी केलेल्या नराशी संबंध आला तर मात्र मादीचे शरीर गाभण असल्यासारखे दहा-बारा दिवस वागते आणि ग्रंथीत ते स्पष्ट दिसते. एका उंदराची ग्रंथी भरगच्च आणि दुसऱ्याची विरळ, असे दिसले की नवशिके लगेच जनुकाला जबाबदार धरतात. आधी माजाचा टप्पा विचारा.

गाभण मादीत प्रोजेस्टेरॉन नेमके काय घडवते?

पानगळ झालेल्या झाडाला पालवी फुटावी तसे. आधी बाजूच्या फांद्यांची गर्दी होते, मग त्यांच्यावर कोशिकांचे झुपके येतात आणि शेवटी चरबी दिसेनाशी होते. 1995 मध्ये ह्यूस्टन येथे बर्ट ओ’मॅली यांच्या प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉनचा ग्राही नसलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या मुख्य नलिका नीट वाढल्या, पण बाजूच्या फांद्या आणि कोशिका आल्याच नाहीत. वयात येण्याचे काम आणि गाभण राहण्याचे काम इतके स्वच्छ वेगळे करून दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

इथेही निरोप्या आहेच, त्याचे नाव रँकल. हे नाव ऐकून हाडांचे अभ्यासक चमकतात, कारण हाड झिजवणाऱ्या पेशी घडवणारे प्रथिन तेच. 2000 साली असे दिसले की रँकल नसलेली मादी विते, पण तिच्या ग्रंथीत कोशिका बनत नाहीत आणि पिल्ले उपाशी मरतात. गाभणपणी आईच्या हाडांतून कॅल्शियम मोकळे होणे आणि दुधाच्या कोशिका बनणे, ही दोन्ही कामे एकाच रेणूच्या हाती असणे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण ते कॅल्शियम अखेर दुधातच जाणार असते.

प्रोजेस्टेरॉन दिले की पेशीविभाजनाच्या दोन लाटा येतात. पहिली लहान लाट ग्राही असलेल्या पेशींचीच असते. दुसरी मोठी लाट शेजारच्या ग्राहीरहित पेशींची, आणि तीच रँकलवर अवलंबून असते. इतकेच नव्हे, तर ग्रंथीतल्या मूळपेशींना स्वतःला ना इस्ट्रोजेनचा ग्राही असतो ना प्रोजेस्टेरॉनचा, तरी गाभणपणी त्यांची संख्या वाढते, आणि तीही याच निरोप्यामुळे. हे 2010 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले.

प्रोलॅक्टिन म्हणजे फक्त दुधाचे संप्रेरक ना?

नाव तसे आहे, पण दूध येण्याच्या कितीतरी आधीपासून ते कामाला लागते. उंदरात संभोगानंतर पियुषिकेतून प्रोलॅक्टिनच्या दिवसाला दोन लाटा येऊ लागतात. त्याच पीतपिंड टिकवतात आणि प्रोजेस्टेरॉन चालू ठेवतात. गाभणपणाच्या मध्यावर वार (प्लॅसेंटा) स्वतःच प्रोलॅक्टिनसारखे संप्रेरक बनवू लागते आणि कारभार तिकडे जातो. ग्रंथीत प्रोलॅक्टिनचा निरोप स्टॅट-5 या प्रथिनामार्फत पेशीकेंद्रात पोचतो आणि दुधातील प्रथिनांची जनुके चालू होतात. स्टॅट-5 चा शोधही ‘स्तनग्रंथीतला एक घटक’ म्हणूनच लागला होता. त्याचा एक प्रकार नसलेल्या माद्या 1997 मध्ये पाहिल्या गेल्या. त्या पिल्लांना पाजू शकल्या नाहीत.

त्याच वर्षीची आणखी एक नोंद मी आवर्जून सांगतो. प्रोलॅक्टिन-ग्राहीच्या दोन जनुक-प्रतींपैकी एकच शाबूत असलेल्या माद्यांची ग्रंथी पहिल्या वेताला इतकी कमी वाढली की दूध जवळपास आलेच नाही. पुढच्या वेतांना मात्र त्या पाजू शकल्या. संप्रेरकाचा परिणाम ग्राही किती आहेत यावर ठरतो आणि ग्रंथीने आधी काय भोगले आहे यावरही ठरतो.

सगळी तयारी झालेली असते, मग विण्याआधी दूध का येत नाही?

प्रोजेस्टेरॉनने दार धरून ठेवलेले असते. कोशिका तयार असतात, पेशींत चरबीचे थेंब साठलेले असतात, पण प्रोजेस्टेरॉन चढे असेपर्यंत दुधाचा भरघोस स्राव सुरू होत नाही. विण्याच्या तोंडावर ते झपाट्याने उतरते, प्रोलॅक्टिन आणि कॉर्टिसोलसारखी संप्रेरके हजर असतातच, आणि दूध उतरते. ज्याने कोशिका घडवल्या त्यानेच दूध रोखून धरले होते. म्हणून ‘प्रोजेस्टेरॉन दुधाला चांगले की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही. कधी, एवढेच विचारता येते.

बशीतही हे पाहता येते. उंदराच्या स्तनपेशींच्या काही वाणांना इन्शुलिन, प्रोलॅक्टिन आणि कॉर्टिसोलसारखे एक औषध एकत्र दिले की त्या बीटा-केसीन हे दुधातले प्रथिन बनवू लागतात. नुसत्या प्रोलॅक्टिनवर ते नीट जमत नाही.

पान्हा कशाने फुटतो?

ऑक्सिटोसिनने. पिल्लू सड ओढते, मज्जातंतूंतून खबर मेंदूला जाते, पियुषिकेच्या मागल्या भागातून ऑक्सिटोसिन सुटते, कोशिकांभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या पेशी आवळतात आणि दूध नलिकेत येते. 1996 मध्ये ऑक्सिटोसिनचे जनुक नसलेल्या माद्या तयार झाल्या, तेव्हा सगळ्यांना वाटले होते की त्यांना पिल्ले होणे जड जाईल. त्या अगदी नीट व्यायल्या. पिल्लांना त्यांनी कुशीत घेतले, पिल्लांनी सड धरले, ग्रंथी दुधाने भरलेल्या होत्या. तरीही पिल्लांच्या पोटात दूध नव्हते आणि ती दिवसभरात दगावली. आईला ऑक्सिटोसिनची टोचणी दिल्यावर पिल्लांना दूध मिळाले. दूध बनणे आणि दूध सुटणे यांतला फरक इतक्या लख्खपणे दाखवणारे हे चित्र मला दर वेळी हलवून जाते.

दूध आटते तेव्हा संप्रेरके कमी होतात म्हणूनच ना?

अर्धेच खरे. एका ग्रंथीचा सड बंद केला आणि बाकीच्या ग्रंथी पिल्लांना पिऊ दिल्या, तर फक्त तीच ग्रंथी आटते. रक्तातली संप्रेरके दहाही ग्रंथींना सारखीच मिळत असतात. म्हणजे सुरुवात स्थानिक कारणाने होते: साठलेले दूध, ताणलेल्या पेशी आणि त्यांतून उठलेला संकेत. त्या संकेताने स्टॅट-3 हे प्रथिन जागे होते आणि दूध बनवणाऱ्या पेशी मरू लागतात. 2011 मध्ये केंब्रिजमधील क्रिस्टीन वॉटसन यांच्या गटाने दाखवले की या मरणात पेशींच्या पोटातल्या पाचक पिशव्या फुटण्याचा वाटा मोठा असतो.

पहिल्या दोन दिवसांत पिल्ले परत पाजायला दिली तर ग्रंथी माघारी फिरते. त्यानंतर भोवतालची चौकटच विकरे कुरतडतात, चरबीच्या पेशी पुन्हा भरतात आणि परतीची वाट बंद होते. या दुसऱ्या टप्प्यावर मात्र संप्रेरकांचा हात असतो. कॉर्टिसोलसारखी संप्रेरके बाहेरून दिली तर तो लांबणीवर पडतो.

आटलेली ग्रंथी कुमारी मादीच्या ग्रंथीसारखीच होते का?

दिसायला बरीचशी तशी. पण पेशींच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या राहतात. त्यामुळे दुसऱ्या वेताला तीच संप्रेरके मिळाल्यावर ग्रंथी लवकर प्रतिसाद देते.

जनुक काढलेल्या उंदरात ग्रंथी खुंटली, म्हणजे ते जनुक ग्रंथीत काम करते असे म्हणता येईल का?

नुसत्या तेवढ्यावरून नाही. कित्येक जणांचे महिने इथे वाया गेलेले मी पाहिले आहेत, माझेही गेले. जनुक गेल्याने अंडाशय बिघडला असेल, पियुषिका बिघडली असेल, मादीचे वजनच कमी असेल. यावर जुनाच उपाय आहे. 1959 मध्ये बर्कलीच्या केनेथ डीओम यांच्या गटाने तो मांडला: तीन आठवड्यांच्या मादीच्या चौथ्या ग्रंथीतला सडापासून लसिका गाठीपर्यंतचा भाग काढायचा, कारण त्या वयात नलिका तिथपर्यंतच आलेल्या असतात. उरलेली गादी रिकामी असते. तिच्यात दुसऱ्या उंदराच्या नलिकेचा तुकडा रोवायचा. आता संप्रेरके निरोगी मादीची आणि पेशी तुमच्या उंदराच्या. एका बाजूला जनुक नसलेला तुकडा, दुसऱ्या बाजूला साधा तुकडा रोवला, तर दोष पेशींत आहे की शरीरात, हे कळते. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने याच रिकाम्या गादीत एकच पेशी रोवून पूर्ण ग्रंथी उगवून दाखवली.

प्रयोग करताना काय सांभाळावे?

सर्वांत आधी उंदराचा वाण. बाल्ब-सी आणि सी-57 ब्लॅक-6 या दोन वाणांत बाजूच्या फांद्या सारख्या नसतात. प्रोजेस्टेरॉनला त्यांचा प्रतिसादच वेगळा आहे. म्हणून तुलना एकाच वाणात, शक्यतो एकाच पिलावळीतल्या बहिणींत करावी. वय आठवड्यांत नव्हे, दिवसांत लिहावे. चौथ्या ग्रंथीची तुलना चौथीशीच करावी.

माजाचा टप्पा योनीद्रवाच्या काचपट्टीवरून ओळखावा. पिंजऱ्यात फक्त माद्याच दाटीने ठेवल्या तर त्यांची चक्रे लांबतात किंवा बंद पडतात, हे 1955 मध्ये ली आणि बूट यांनी नोंदवले. नराच्या मूत्राच्या वासाने ती पुन्हा सुरू होतात आणि बऱ्याच माद्या एकदम माजावर येतात, हे पुढच्याच वर्षी व्हिटन यांनी सांगितले. म्हणून शेजारच्या पिंजऱ्यात कोण आहे, हेही वहीत लिहावे.

खाद्यात सोयाबीन असेल तर त्यातले इस्ट्रोजेनसारखे वनस्पतीजन्य रेणूही मादीच्या पोटात जातात. प्लॅस्टिककडे लक्ष असू द्या. गर्भात असताना प्लॅस्टिकमधले बिस्फेनॉल-ए हे रसायन मिळालेल्या माद्यांची ग्रंथी पुढे वेगळी वाढते, हे अनेकदा दिसले आहे. आणि जनुक बंद करण्यासाठी टॅमॉक्सिफेन हे औषध वापरत असाल तर विसरू नका, ते स्वतःच इस्ट्रोजेनच्या ग्राहीला बसते. वयात येणाऱ्या मादीत त्याने नलिकांची वाढ अडते. टॅमॉक्सिफेन दिलेली पण जनुक शाबूत असलेली मादी तुलनेला नसेल, तर तो निकाल मी स्वीकारत नाही.

स्तनाच्या कर्करोगाशी याचा संबंध काय?

जुना आणि घट्ट. 1936 मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले की काही वाणांच्या उंदरांत कर्करोगाचे कारण आईच्या दुधातून पिल्लांत जाते. पुढे तो विषाणू निघाला. त्या विषाणूच्या जनुकांचा ताबा ज्या डीएनए-तुकड्याकडे असतो तो कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांना आणि प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देतो. म्हणजे ग्रंथी दुधाच्या तयारीला लागते नेमका तेव्हा विषाणू वाढतो आणि दुधातून पुढच्या पिढीत जातो. संप्रेरके पेशीतले कोणते जनुक कसे चालू करतात, याचा बराच अभ्यास याच तुकड्यावर झाला.

उंदरात दिसले ते माणसाला लागू होते का?

काही होते, काही होत नाही, आणि कोणते काय ते नेमके सांगायला हवे. स्त्रीच्या स्तनात अनेक नलिका स्तनाग्राशी स्वतंत्र उघडतात, उंदराच्या सडाला एकच. स्त्रीच्या नलिकांभोवती तंतुमय ऊती पुष्कळ असते, उंदरात जवळपास सगळी चरबी. मुलगी वयात येते तेव्हाच तिच्यात कोशिकांच्या लहान झुपक्यांची तयारी होते, कुमारी उंदरात ती नसते. स्त्रीच्या मासिक चक्राचा उत्तरार्ध सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉनचा असतो, म्हणून दर महिन्याला तिच्या ग्रंथीत पेशीविभाजन वाढते. उंदराला इतका काळ मिळतो तो गाभण राहिल्यावरच. आणि पुरुषाला स्तनाग्रे असतात, नर उंदराला नसतात. भ्रूणावस्थेतला तो देठ तोडणारा निरोप माणसात तसा काम करत नाही.

जे जुळते ते मात्र खोलवरचे आहे. स्त्रीच्या ग्रंथीतही इस्ट्रोजेनचा ग्राही असलेल्या पेशी आणि विभागणाऱ्या पेशी बहुतेक वेगवेगळ्या असतात. प्रोजेस्टेरॉनचा निरोप तिथेही रँकलच पुढे नेते. म्हणूनच हाडांच्या ठिसूळपणावर दिले जाणारे, रँकलला अडवणारे डेनोसुमॅब हे औषध बीआरसीए-1 जनुकात दोष असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगापासून वाचवू शकेल का, याची चाचणी हाती घेतली गेली.